प्रत्येक आकड्यात पाच

दसहरी बाजारात आला की अख्ख्या लखनौच्या तोंडाला पाणी सुटतं. मला सक्सेना सर आठवतात. यंदा गोमती नगरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पहिला ठेला लागला तेव्हा मी एक आंबा उचलला, तळहातावर जरा खालीवर केला आणि भैयानं काट्यावर टाकायच्या आधीच त्याचं वजन सांगितलं. भैया खूश झाला, त्याला वाटलं बाईंना आंब्यातलं कळतं. आंब्यातलं मला काडीचंही कळत नाही. मी सांगलीची, हापूस सोडून बाकीच्या आंब्यांना मनातून आंबाच न मानणारी. पण एका उन्हाळ्यात इतके दसहरी तोलले आहेत की ते वजन हातात बसलं आहे, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मनात एक डूख धरला, तोही तसाच बसला आहे. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवत नाही, दर ज्येष्ठात तो नव्यानं पिकतो.

नवऱ्याला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आम्ही लखनौला आलो, आणि मी मुलींच्या एका डिग्री कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले. तेव्हा आम्ही विकास नगरात राहत होतो. मे महिन्यात तिथं सकाळचे दहा वाजले की लू, म्हणजे भाजून काढणारा गरम वारा, सुटायची. तोंडाला ओढणी गुंडाळून, पर्समध्ये कांदा ठेवून बायका घराबाहेर पडायच्या. कांद्यानं लू लागत नाही यावर माझा विश्वास नव्हता, तरी माझ्याही पर्समध्ये कांदा असायचा. वार्षिक परीक्षा संपलेल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आलेले, कूलरमध्ये बादलीबादलीनं पाणी ओतायचं आणि ते ओतून झालं की नेमकी लाइट जायची. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या ताट्यांचा वास आला की आजही मला लाल पेन हातात असल्यासारखं वाटतं.

त्या उत्तरपत्रिका तपासताना माझ्या शेजारी निशात बसायची. ती गणित शिकवायची. वयानं माझ्याहून बरीच लहान, मला दीदी म्हणायची. कॉलेजातली तिची नेमणूक तात्पुरती होती, दर वर्षी नव्यानं व्हायची, आणि कायम होण्यासाठी लागणारी मुलाखत दर वर्षी पुढे ढकलली जायची. घर मलिहाबादला, रोज बसनं येणं-जाणं. बोलणं मृदू, चालणं मृदू, पण गणिताच्या बाबतीत बाई महाकडक. कुठलंही उत्तर उलट्या बाजूनं पुन्हा करून बघितल्याशिवाय ती त्याच्याखाली रेघ ओढत नसे.

आमच्या मुली संख्याशास्त्रात नापास होत नव्हत्या. त्या पाठ करत होत्या. क्रमिक पुस्तकात परदेशातल्या कुठल्यातरी कारखान्यातले बल्ब असायचे, ते किती तास टिकतात याची सरासरी काढायची. काढायच्या बिचाऱ्या. बल्ब कसले आणि कारखाना कुठला, त्यांना काय त्याचं. एका दुपारी निशातनं पेपरांच्या गठ्ठ्यावरून मान वर केली आणि म्हणाली, दीदी, बल्बऐवजी आपले आंबे तोलले तर? दोन दिवसांनी तिच्या मामूंच्या बागेतली दसहरीची पेटी बसच्या टपावरून आली. केमिस्ट्रीच्या लॅबमधून तराजू मागून आणला. सुट्टीतही बोलावलेल्या मुली व्हरांड्यात गोल करून बसल्या, एकेक आंबा तोलायचा, फळ्यावर आकडा लिहायचा. सरासरी निघाली, मग प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पांगलेत ते माप. एरवी या दोन शब्दांनी तोंड वाकडं करणाऱ्या मुली त्या दिवशी भांडत होत्या, एक आंबा फारच मोठा आहे, त्याला मोजायचा की नाही यावरून. मग आकडेवारी बादलीतल्या गार पाण्यात टाकली आणि सगळ्यांनी मिळून खाल्ली.

तिथून आम्हाला नादच लागला. आलमबागला टेम्पोची वाट किती मिनिटं बघावी लागते, लाइट गेली की किती वेळानं येते, चिकनच्या भरतकामाच्या एका कुर्त्यावर किती बुट्ट्या असतात, सगळं मुली मोजून आणायच्या आणि आम्ही त्याच्या वर्कशीट करायचो. करायची पद्धत निशातनं बसवली. प्रत्येक वर्कशीटचे तीन वेगळे भाग: आकडे एकीकडे, प्रश्न दुसरीकडे, उत्तरं तिसरीकडे. म्हणजे कानपूरच्या शिक्षिकेला आंबे नको असतील तर तिनं चपला घ्याव्यात, प्रश्न तेच ठेवावेत. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं, आकडे बदला, पण उत्तरं पुन्हा काढा. आणि त्याखाली परवाना, साध्या हिंदीत: कुणीही घ्या, बदला, शिकवा, वाटा, विचारायची गरज नाही, फक्त ज्यांनी केलंय त्यांची नावं काढू नका. नावांत पहिलं निशातचं, मग माझं, मग ज्या मुलींनी मोजलं त्यांची.

ज्येष्ठातल्या मंगळवारी लखनौत रस्तोरस्ती मांडव पडतात. बडा मंगल. जो येईल त्याच्या हातात पुरी-भाजीचा द्रोण आणि सरबताचा पेला, कोण कुठला कुणी विचारत नाही. अलीगंजच्या रस्त्यावर अशा एका मांडवात उन्हातान्हाचं उभं राहून आम्ही दोघी पुऱ्या खात होतो, तेव्हा निशात म्हणाली होती की आपल्या वर्कशीट अशाच वाटायच्या, येईल त्याला. मला ते फार आवडलं. त्या वेळी माझ्या डोक्यात हे आलंच नाही की भंडाऱ्यातल्या पुऱ्यासुद्धा कुणी चोरून नेऊन हॉटेलात विकू शकतो.

सक्सेना सर आमच्या विभागाचे प्रमुख. गोरेपान, सफारी सूट, बोलण्यात इतकी साय की माशी बसावी. वर्कशीटची बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा ते स्वतः आमच्या टेबलाशी आले, फार कौतुक केलं, आणि सगळं एका पेन ड्राइव्हवर मागितलं. प्रस्तावना लिहून देतो म्हणाले. निशातचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आम्ही दिला. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच, ते तर सगळ्यांसाठीच होतं. प्रस्तावना काही आली नाही. पावसाळा गेला, थंडी गेली, धुकं गेलं, आणि पुन्हा लू सुटायला लागली तेव्हा निशातच्या मुलाखतीचं पत्र आलं.

त्या दिवशी मी व्हरांड्यात बाहेर बसून होते. निशात आत गेली ती वर्कशीटची फाइल घेऊन. त्या मुलाखतीत स्वतःचं केलेलं काम दाखवावं लागे, आणि तिच्याजवळ दाखवायला तेच होतं, तिचं सगळं. बाहेर आली तेव्हा तिनं काय झालं ते मला सांगितलं, आवाजात चढ नाही की उतार नाही. समितीतल्या एकांनी फाइल चाळली आणि म्हणाले, हे तर सक्सेना साहेबांच्या पुस्तकातलं आहे, यंदाच आलंय, फक्त तिथं सफरचंदं आहेत आणि तुम्ही आंबे केलेत. निशात म्हणाली, हे माझं आहे. सगळ्यांनी सक्सेना सरांकडे बघितलं. ते समितीतच बसले होते. चहात साखर ढवळत, वर न बघता, ते हसून म्हणाले,

“बच्चे हैं। सीखने के लिए नक़ल भी करते हैं।”

चोराच्या उलट्या बोंबा तर जगभर ऐकू येतात. या माणसानं बोंबसुद्धा मारली नाही. त्यानं क्षमा केली. निशातला, तिच्याच कामाच्या चोरीबद्दल, त्यानं मोठ्या मनानं क्षमा केली. हे वाक्य मी आजवर जितक्या वेळा मनात म्हटलंय तितकी रामरक्षाही म्हटली नसेल.

संध्याकाळी पुस्तकं मिळतात त्या गल्लीत गेले आणि ते पुस्तक घेऊन आले. जाड कव्हर, सरांचा फोटो, आत पहिल्याच पानावर ‘सर्वाधिकार सुरक्षित’. निशातचं नाव नाही, माझं नाही, एकाही मुलीचं नाही. आयत्या बिळावर नागोबा नुसता बसला नव्हता, दाराला पाटीही लावून मोकळा झाला होता. कूलरसमोर बसून मी सफरचंदांची सरासरी काढली. मागे छापलेल्या उत्तराशी जुळेना. पुन्हा काढली. पुन्हा तेच, माझी सरासरी बरोबर पाचनं जास्त. प्रमाण विचलन काढलं, ते मात्र दशांशापर्यंत जुळलं. मी आणखी एक उदाहरण सोडवलं, आणखी एक. जिथं जिथं सरासरी तिथं तिथं पाचची चूक, जिथं पांगापांग तिथं बरोबर. मग मी मोठ्यानं हसले असणार, कारण नवरा आतून विचारत आला की काय झालं.

काय झालं होतं ते संख्याशास्त्र शिकलेल्या कुठल्याही मुलीला कळेल. चोरी दिसू नये म्हणून सरांनी टायपिस्टला सांगितलं असणार, प्रत्येक आकड्यात पाच मिळव. आंब्यांची सफरचंदं झाली, मिनिटंही पाच-पाच वाढली. उत्तरांचा भाग वेगळा होता, तो तसाच छापला. पण प्रत्येक आकड्यात पाच मिळवले की सरासरी पाचनं वर सरकते, आकडे एकमेकांपासून जेवढे पांगलेले असतात तेवढेच राहतात. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. विभागप्रमुखांना ते आठवलं नाही. आमचे आंबे त्यांच्या सफरचंदांच्या सालीतून सरळ दिसत होते.

पुस्तक, आमच्या जुन्या वर्कशीट, गणित करून दाखवलेला कागद, सगळं घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी पंखा माझ्या बाजूला वळवला, पाणी मागवलं आणि म्हणाले, मॅडम, छापील पुस्तकावर साल असतं, झेरॉक्सवर काय असतं? मी म्हटलं, गणित असतं. ते म्हणाले, सर आता निवृत्तच होतायत, कशाला वातावरण बिघडवायचं. समितीनं दुसरं नाव पक्कं केलं. निशातची तात्पुरती नेमणूकही पुढच्या सत्रात झाली नाही. तिनं टेबलाचा खण रिकामा केला, मला मिठी मारली आणि मलिहाबादच्या बसमध्ये बसली. पुढे ती तिकडच्याच मुलींच्या एका शाळेत लागली. डिग्री कॉलेज तिला पुन्हा मिळालं नाही.

त्या ज्येष्ठात मी मनातल्या मनात सक्सेना सरांचं काय काय केलं ते लिहिलं तर कुणी छापणार नाही. स्कूटरवरून जाताना लूच्या झळा तोंडावर बसायच्या आणि मला त्या बऱ्या वाटायच्या, आपल्यासारखंच बाहेरही काहीतरी पेटलंय म्हणून. त्यांच्या निरोप समारंभाला मी गेले. त्यांनी हात जोडले, मीही जोडले. शाल-श्रीफळ दिलं गेलं तेव्हा टाळ्याही वाजवल्या. मनात म्हटलं, जा सुखानं, तुम्हाला पोहोचवायला मी येतेच आहे.

सूड कसा घ्यायचा ते मला आंबे खातानाच सुचलं. मी एक नवीन वर्कशीट केली. वर सरांच्या पुस्तकातला सफरचंदांचा तक्ता आणि त्यांनी छापलेली उत्तरं. खाली चारच प्रश्न. सरासरी काढा. प्रमाण विचलन काढा. एक उत्तर चूक आणि एक बरोबर का, याचं कारण द्या. मूळ आकडे शोधा. चोरी हा शब्द मी कुठंही वापरला नाही. आकडेवारी कुठून घेतली ते सांगणं सभ्यपणाचं असतं, म्हणून तळाशी स्रोत दिला: पुस्तकाचं नाव, पान, आणि लेखकाचं पूर्ण नाव पदव्यांसकट, एकही पदवी न गाळता. त्याच्याखाली, मूळ आकडे हवे असल्यास बघा, निशातची आंब्यांची वर्कशीट. आणि शेवटी तोच परवाना. कुणीही घ्या, बदला, वाटा, फक्त नावं काढू नका.

तोवर घरोघरी इंटरनेट आलं होतं. मी आमच्या सगळ्या वर्कशीट खुल्या करून टाकल्या आणि मधोमध ही ठेवली. खरं सांगते, हिच्याइतकी चांगली वर्कशीट मी जन्मात केली नाही. सरासरी सरकते आणि पांगापांग सरकत नाही, हे शिकवायला याहून झकास उदाहरण नाही, आणि चांगल्या उदाहरणाला पाय फुटतात. कोचिंगवाल्यांनी उचललं. बी.एड.च्या मुलींनी पाठ घेतले. कुणी बंगालीत केलं, कुणी त्यावर व्हिडिओ केला. प्रश्न बदलत गेले, भाषा बदलत गेली, तळाचं नाव तेवढं कुणी काढेना, कारण तसा नियम होता. आणि एका दुपारी सांगलीहून माझ्या भाचीचा फोन आला. अकरावीत होती. अभ्यासाचं काहीतरी विचारत होती, मधेच म्हणाली,

“आत्या, तुमच्या लखनौचे हे सक्सेना कोण गं? आमच्या मॅडमनी त्यांची चूक आम्हाला फळ्यावर शोधायला दिलीय.”

मी त्या दिवशी घरात पुरणपोळी केली. नवऱ्यानं विचारलं आज काय आहे, मी म्हटलं सण आहे. माझी लेक, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर हिंदीतच देते, ती म्हणाली, मम्मी, अब छोड़ो न यार, कितने साल हो गए. सोडायचं म्हणजे कुठं ठेवायचं ते मात्र तिला सांगता आलं नाही. मी विचार करून पाहिला आहे. माणूस फोटो लावून, शाल पांघरून स्वतःला पाच घरं वर सरकवतो; आत जेवढा पांगलेला असतो तेवढाच राहतो. हे मला कळतं, आणि कळून समाधान होत नाही. समजूतदार माणसांचं होत असेल.

यंदा त्या पहिल्या ठेल्यानंतर चार-सहा दिवसांनीच फोन वाजला. आवाज थकलेला, तरी साय तशीच. सक्सेना सर. आधी उन्हाबद्दल बोलले, मग गुडघ्यांबद्दल, मग यंदा मोहोर कमी होता म्हणून दसहरी कसा महाग आहे त्याबद्दल. ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं, मी लपवू दिलं. शेवटी आले वळणावर. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकाकडे कुणी कुणी काहीबाही लिहून पाठवतं आहे. त्यांची नात ज्या शहरात शिकते तिथंही ती वर्कशीट पोहोचली आहे. तर असं करू, नव्या आवृत्तीच्या कव्हरवर आमची दोघींची नावं घालू, निशातचं सगळ्यात पहिलं, अगदी त्यांच्याही वर. मी फक्त ती एक वर्कशीट काढून टाकायची.

त्यांचा आवाज ऐकून दया येईल अशी मला भीती होती. आली नाही. पण मी फोन आपटलाही नाही, कारण त्यांनी जे पुढे केलं होतं तेच तर मला इतकी वर्षं हवं होतं. छापील कव्हरवर निशातचं नाव. माझा सूड माझ्यापाशी राहील, पण नाव तिचं होतं, त्यावर हो की नाही म्हणणारी मी कोण. मी म्हटलं, विचारून सांगते.

दुसऱ्या दिवशी मलिहाबादला गेले. मेट्रो झाली, उड्डाणपूल झाले, पण मलिहाबादच्या रस्त्यावर शिरलं की दोन्ही बाजूंना तीच धुळकट हिरवी बाग आणि पेट्या ठोकल्याचे आवाज. निशातच्या केसांत पांढरं आलं आहे. शाळेला सुट्टी, ती अंगणात चारपाईवर बसली होती, जवळ पाण्यात आंबे टाकलेले. मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा मुलाखतीच्या दिवशीसारखा सपाट. तिनं ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, फोन लावा दीदी, मीच बोलते.

मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्या मुलाखतीनंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

“आदाब सर, निशात बोल रही हूँ। एक बात पूछनी थी। नई किताब में औसत ठीक कर दिए आपने?”

पलीकडे जरा घसा साफ केल्याचा आवाज आला. सर म्हणाले की आतली पानं छापून तयार आहेत, सरासऱ्या आता बदलता यायच्या नाहीत, फक्त कव्हर नवं होणार आहे. कव्हरवर ठसठशीत अक्षरात येईल तिचं नाव, ते स्वतः बघतील.

निशातनं मान डोलावली, समोर वर्गात कुणी उत्तर देत असल्यासारखी.

“तो रहने दीजिए सर। ग़लत जवाब पर मैं अपना नाम नहीं देती।”

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि आंबे बघायला वाकली. मी तो लगेच बंद केला नाही. पलीकडे सर अजून होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो मला शेवटपर्यंत ऐकायचा होता.